खिडकीपाशी

मुलांनो, तुम्ही कधी आजारी पडला आहात का? ताप आला की आई अंथरुणातून उठू देत नाही. बाहेर मित्र खेळत असतात. त्यांचा आवाज ऐकू येतो, पण जाता येत नाही. मग आपण काय करतो? खिडकीकडे तोंड करून पडून राहतो. आभाळातले ढग पाहतो. कुंपणावर येऊन बसलेला पक्षी पाहतो. या गोष्टी रोजच्याच असतात, पण त्या दिवशी त्या निराळ्या वाटतात.

आज आपण अशाच एका खिडकीपाशी बसलेल्या वृद्ध कवींची हकिकत वाचणार आहोत. त्यांचे नाव रवींद्रनाथ ठाकूर. सगळे जग त्यांना रवींद्रनाथ टागोर म्हणून ओळखते. ते ऐंशी वर्षांचे झाले होते. शरीर थकले होते. आपण आता फार दिवस जगणार नाही, हे त्यांना कळले होते. तरीही त्यांनी कविता करणे सोडले नाही. त्या कवितांत त्यांनी काय सांगितले, ते आपण पाहू.

खडूचे वर्तुळ

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कलकत्ता शहरात जोडासाँको येथे झाला. घर खूप मोठे होते आणि घरात माणसेही पुष्कळ होती. छोट्या रवीला सांभाळण्याचे काम नोकरांकडे असे. श्याम नावाचा एक नोकर होता. त्याने एक युक्ती शोधून काढली होती. तो जमिनीवर खडूने वर्तुळ काढी आणि रवीला त्यात बसवी. "या रेघेबाहेर पाऊल टाकू नकोस, नाही तर मोठे संकट येईल," अशी तंबी देऊन तो निघून जाई. रवीने रामायणातील सीतेची गोष्ट ऐकली होती. लक्ष्मणरेषा ओलांडल्यावर सीतेवर कोणते संकट आले, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो मुकाट्याने वर्तुळात बसून राही.

पण जवळच एक खिडकी होती! खिडकीखाली एक तळे होते. तळ्याकाठी वडाचे मोठे झाड होते. लोक तळ्यावर अंघोळीला येत. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. रवी ते सारे पाहत बसे. दुपारी तळ्यात बदके पोहत. त्यांच्याकडे पाहता पाहता दिवस कसा सरला, हे त्याला कळतही नसे. पाय वर्तुळात असले, तरी मन मात्र तळ्याकाठी हिंडत असे.

मुलांनो, ही खिडकी लक्षात ठेवा. ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आईची आठवण

रवी तेरा वर्षांचा असताना त्याची आई वारली. ती बरेच दिवस आजारी होती. मुले दुसऱ्या खोलीत झोपत असत. सकाळी उठल्यावर त्यांना ती बातमी कळली. रवी बाहेर आला. अंगणात आईला खाटेवर निजवले होते. सकाळचा उजेड पडला होता. मृत्यू भयंकर असतो, असे रवीला तिथे काहीच दिसले नाही. आई शांत झोपली आहे, असेच त्याला वाटले. पण तिला घराच्या दारातून बाहेर नेले, तेव्हा एकदम त्याच्या ध्यानात आले, की आई या दारातून आता कधीच परत येणार नाही. मग मात्र दुःखाने त्याचे मन भरून आले.

ही आठवण रवींद्रनाथांनी मोठेपणी 'जीवनस्मृती' या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली.

रवींद्रनाथ पुढे थोर कवी झाले. त्यांनी हजारो गाणी रचली. १९०१ साली त्यांनी बंगालमध्ये शांतिनिकेतन येथे एक शाळा सुरू केली. तेथे मुले झाडांच्या सावलीत बसून शिकत. १९१३ साली 'गीतांजली' या काव्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारत आणि बांगलादेश या दोन्ही देशांची राष्ट्रगीते त्यांच्याच गीतांतून घेतलेली आहेत.

पण कीर्ती मिळाली म्हणजे दुःख येत नाही, असे थोडेच आहे? १९०२ साली त्यांची पत्नी वारली. १९०३ साली त्यांची मुलगी रेणुका गेली. १९०५ साली वडील गेले. १९०७ साली धाकटा मुलगा शमींद्रनाथ गेला. तो तर तुमच्याच वयाचा होता. इतक्या वेळा मृत्यू रवींद्रनाथांच्या घरी आला. ते रडले, पण त्यांचे काम थांबले नाही.

अमलची गोष्ट

१९१२ साली रवींद्रनाथांचे 'डाकघर' नावाचे नाटक प्रसिद्ध झाले. डाकघर म्हणजे टपाल कचेरी. या नाटकात अमल नावाचा एक आजारी मुलगा आहे. वैद्याने त्याला घराबाहेर पडायची मनाई केली आहे. म्हणून तो दिवसभर खिडकीपाशी बसतो. पाहिलीत ना, खिडकी पुन्हा आली!

रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला अमल हाक मारतो. तो दहीवाल्याला त्याच्या गावाबद्दल विचारतो. पहारेकऱ्याशी गप्पा मारतो. फुले वेचायला निघालेल्या सुधा नावाच्या मुलीशी बोलतो. समोरच राजाचे नवे डाकघर उघडलेले असते. आपल्यालाही एक दिवस राजाचे पत्र येईल, अशी आशा अमलला वाटू लागते. नाटकाच्या शेवटी तो शांत झोपी जातो.

या नाटकासाठी रवींद्रनाथांनी पुढे १९३९ साली एक नवे गीत रचले. समोर शांततेचा समुद्र पसरला आहे आणि नावाडी नाव पाण्यात सोडत आहे, असे चित्र त्या गीतात आहे. पण त्यांनी ते गीत तेव्हा गाऊ दिले नाही. 'हे गीत माझ्या मृत्यूनंतर गा,' असे त्यांनी सांगून ठेवले. मुलांनो, आपल्याला जायचे आहे, हे त्यांनी मनाशी ओळखले होते. प्रवासाला निघण्यापूर्वी माणूस जशी सामानाची बांधाबांध करतो, तशीच ही एक तयारी होती.

काळोखातून उजेडात

ही तयारी त्यापूर्वीच सुरू झाली होती. सप्टेंबर १९३७ मध्ये शांतिनिकेतनात एके संध्याकाळी रवींद्रनाथ एकाएकी बेशुद्ध पडले. जवळजवळ दोन दिवस ते शुद्धीवर आले नाहीत. सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. पण ते त्या आजारातून उठले. बरे झाल्यावर त्यांनी 'प्रांतिक' नावाचा काव्यसंग्रह लिहिला. प्रांत म्हणजे कडा किंवा टोक. मृत्यूच्या काळोखाच्या कडेपर्यंत जाऊन परत आलेल्या माणसाच्या त्या कविता आहेत.

गंमत अशी, की त्याच वर्षी त्यांचे गमतीदार बालगीतांचे पुस्तकही निघाले होते. १९४० साली त्यांनी मुलांसाठी 'छेलेबेला' हे पुस्तक लिहिले. छेलेबेला म्हणजे बालपण. ऐंशीच्या घरात आलेले आजोबा या पुस्तकात आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसले आहेत. या पुस्तकात मुंबईच्या एका मराठी घराचीही आठवण आहे. १८७८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, इंग्लंडला जाण्यापूर्वी ते मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले होते. डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा हिने त्यांना इंग्रजी रीतीभाती शिकवल्या होत्या. साठ वर्षे उलटून गेली, तरी ते घर रवींद्रनाथ विसरले नव्हते.

चिमणी, कुत्रा आणि धूळ

सप्टेंबर १९४० मध्ये रवींद्रनाथ हिमालयाच्या पायथ्याशी कालिंपाँग येथे गेले होते. तेथे ते पुन्हा फार आजारी पडले. त्यांना कलकत्त्याला आणावे लागले. काही आठवड्यांनी ते शांतिनिकेतनला परतले, पण पूर्वीसारखे हिंडणे-फिरणे आता राहिले नाही. ते अंथरुणाला खिळले. हाताने लिहिणेही अवघड झाले. मग ते तोंडाने कविता सांगत आणि जवळची माणसे ती टिपून घेत. अशा रीतीने 'रोगशय्याय', 'आरोग्य' आणि 'जन्मदिने' ही पुस्तके तयार झाली. 'रोगशय्याय' म्हणजे आजाऱ्याच्या अंथरुणावर.

त्या कवितांत दुखणे आहे का? होय, आहे. रात्री झोप येत नाही, अंग दुखते, काळोख संपता संपत नाही, हे सारे त्यांनी लपवून ठेवले नाही. पण दुखण्याइतकीच जागा त्यांनी आणखी कोणाला दिली, ते ऐका.

एक कविता चिमणीवर आहे. पहाट व्हायची असते. थोडा काळोख अजून बाकी असतो. तेवढ्यात एक चिमणी खिडकीशी येते आणि काचेवर चोचीने टकटक करते. आत काही नवी बातमी आहे का, हे जणू ती पाहत असते! रात्रभर जागलेले कवी तिची वाट पाहत पडलेले असतात. जगाने ज्यांना इतका मान दिला, ते कवी एका चिमणीच्या टकटकीने सुखावतात.

दुसरी कविता कुत्र्यावर आहे. हा कुत्रा रोज सकाळी कवींच्या खुर्चीजवळ येऊन गप्प बसतो. कवी त्याच्या अंगावरून हात फिरवतात. तेवढ्याने त्याचे सारे अंग आनंदाने फुलून येते. त्याला बोलता येत नाही. पण माणसावर मनापासून प्रेम कसे करावे, हे त्याला कळते. हे पाहून कवींना मोठे नवल वाटते.

आणखी एका कवितेत ते कष्ट करणाऱ्या माणसांविषयी बोलतात. मोठमोठे राजे आले, त्यांची सैन्ये आली आणि गेली. त्यांचा आता मागमूसही उरला नाही. पण नाव वल्हवणारे, बी पेरणारे, पीक कापणारे लोक मात्र आजही काम करीत आहेत. त्यांच्या कामावरच जग चालते. मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांचे पूर्वज कोकणातून मॉरिशसला आले आणि उसाच्या मळ्यांत राबले. त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाहीत. ही कविता अशा माणसांचीही आहे.

१९४१ च्या जानेवारीत लिहिलेल्या एका कवितेत रवींद्रनाथ म्हणतात, की या अफाट जगातले आपल्याला फारच थोडे कळले. कितीतरी गावे, नद्या, डोंगर आणि माणसे आपल्याला पाहायची राहून गेली. शेतकऱ्याच्या आणि विणकराच्या घरात आपली कविता पोचली नाही. ती पोचवणारा दुसरा कवी यावा, म्हणून ते त्याची वाट पाहतात. विचार करा, जगभर हिंडलेला, जगभर गाजलेला माणूस अखेरीस स्वतःची उणीव अशी मोकळेपणाने सांगतो!

आणि 'आरोग्य' या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते सांगतात, की त्यांना हे आकाश गोड वाटते आणि या पृथ्वीची धूळही गोड वाटते. आपण पायांची धूळ झटकून टाकतो. आजारातून उठलेल्या या कवींना तीच धूळ मोलाची वाटली.

सूर्याचा प्रश्न

जुलै १९४१ मध्ये दुखणे बळावले. शस्त्रक्रिया करावी, असे डॉक्टरांनी ठरवले. २५ जुलै रोजी रवींद्रनाथांना आगगाडीने कलकत्त्याला नेण्यात आले. ज्या घरात त्यांचा जन्म झाला होता, त्याच जोडासाँकोच्या घरात ते परत आले.

२७ जुलैच्या सकाळी त्यांनी एक लहानशी कविता सांगितली. जन्माच्या पहिल्या दिवशी सूर्याने विचारले, की तू कोण आहेस? उत्तर मिळाले नाही. वर्षांमागून वर्षे गेली. शेवटच्या दिवशी, पश्चिमेच्या समुद्राकाठी, शांत संध्याकाळी मावळत्या सूर्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळीही उत्तर मिळाले नाही.

आपल्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तुम्ही सूर्यास्त पाहिला असेल. सूर्य पाण्याला टेकतो आणि क्षणभर सगळे शांत होते. ती वेळ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही कविता तुम्हांला समजेल. साठ-सत्तर वर्षे लिहूनही, 'मला याचे उत्तर येत नाही,' हे सांगायला कवी लाजले नाहीत. काही प्रश्नांची उत्तरे थोर माणसांनाही सापडत नाहीत. तरी ते प्रश्न विचारायचे असतात.

३० जुलै हा शस्त्रक्रियेचा दिवस होता. त्या सकाळी रवींद्रनाथांनी आणखी एक कविता सांगितली. राणी चंद यांनी ती लिहून घेतली. ती परत वाचून दाखवल्यावर कवींना काही जागा नीट जमलेल्या वाटल्या नाहीत. बरे वाटल्यावर त्या दुरुस्त करू, असे ते म्हणाले. मग घरातच शस्त्रक्रिया झाली. पण त्यानंतर प्रकृती सुधारली नाही. ती कविता दुरुस्त करायची तशीच राहून गेली.

मुलांनो, वहीतले चुकलेले वाक्य पुन्हा लिहायला सांगितले, की आपल्याला कंटाळा येतो. इथे ऐंशी वर्षांचे कवी शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी आपली कविता तपासत होते.

७ ऑगस्ट १९४१ रोजी, दुपारचे बारा वाजून गेल्यावर, रवींद्रनाथांनी देह ठेवला. बंगाली पंचांगाप्रमाणे तो श्रावण महिन्याचा बाविसावा दिवस होता. नावाड्याचे ते गीत त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या मृत्यूनंतर गाण्यात आले. त्यांच्या अखेरच्या कविता त्याच वर्षी 'शेष लेखा' या नावाने प्रसिद्ध झाल्या.

रवींद्रनाथांनी १९२८ साली शांतिनिकेतनात झाडे लावण्याचा उत्सव सुरू केला होता. त्यांच्या मृत्यूनंतर हा उत्सव तेथे श्रावणाच्या बाविसाव्या दिवशी होऊ लागला. ज्या दिवशी कवी गेले, त्या दिवशी मुले गाणी म्हणत एक रोपटे वाजतगाजत आणतात आणि मातीत लावतात.

मुलांनो, कदाचित तुमच्याही घरी आजी किंवा आजोबा आजारी असतील. ते खिडकीपाशी बसत असतील. त्यांच्याजवळ जा. त्यांना विचारा, "आजोबा, आज खिडकीतून काय दिसले?" कदाचित ते चिमणीची गोष्ट सांगतील. कदाचित स्वतःच्या लहानपणची एखादी आठवण सांगतील. ती नीट ऐका आणि वहीत टिपून ठेवा.

शब्दार्थ

तंबी – ताकीद
मुकाट्याने – काही न बोलता
तऱ्हा – पद्धत, रीत
कीर्ती – नावलौकिक
मनाई – बंदी
मागमूस – खूण, पत्ता
अफाट – फार मोठे
उणीव – कमतरता
शस्त्रक्रिया – डॉक्टरांनी केलेली कापाकापी करून उपचार करण्याची क्रिया
तोंडचे पाणी पळणे – खूप घाबरणे
अंथरुणाला खिळणे – आजारामुळे उठता न येणे
देह ठेवणे – मरण पावणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रवींद्रनाथांचा जन्म कोठे झाला?
(आ) श्याम जमिनीवर काय काढीत असे?
(इ) 'छेलेबेला' या शब्दाचा अर्थ काय?
(ई) रवींद्रनाथ मुंबईत कोणाच्या घरी राहिले होते?
(उ) शेवटची कविता कोणी लिहून घेतली?

प्रश्न २. रिकाम्या जागा भरा.
(अ) रवींद्रनाथांना ______ साली नोबेल पारितोषिक मिळाले.
(आ) 'डाकघर' नाटकातील आजारी मुलाचे नाव ______ आहे.
(इ) चिमणी खिडकीच्या काचेवर ______ टकटक करते.

प्रश्न ३. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वर्तुळात बसलेला रवी खिडकीतून काय काय पाहत असे?
(आ) आई परत येणार नाही, हे रवीला केव्हा कळले?
(इ) कुत्र्याला पाहून कवींना नवल का वाटले?
(ई) रवींद्रनाथांनी एक गीत मृत्यूनंतर गायला सांगितले. त्या गीतात कोणते चित्र आहे?

प्रश्न ४. या पाठात खिडकी तीन वेळा येते. प्रत्येक वेळी खिडकीपाशी कोण आहे आणि त्याला काय दिसते, ते सांगा.

प्रश्न ५. वाक्यात उपयोग करा.
तोंडचे पाणी पळणे, अंथरुणाला खिळणे, टिपून घेणे

प्रश्न ६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
काळोख, सुरुवात, गोड, जन्म, आजारी

उपक्रम
(अ) तुमच्या घरच्या खिडकीतून सकाळी दिसणाऱ्या पाच गोष्टी लिहा. त्यांपैकी एका गोष्टीवर चार ओळींची कविता करा.
(आ) गुरुजींच्या किंवा बाईंच्या मदतीने शाळेच्या आवारात एक रोपटे लावा. त्याला पाणी घालण्याच्या पाळ्या ठरवा.